गियोमारने मिळवलेलं वैधव्य

विला दो कोंद या बंदराच्या गावात गियोमारइतकी तोंडाळ बाई दुसरी नाही, असं तिची सासू मेसिया सांगे. मेसियाइतकी तोंडाळ बाई आवे नदीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायची नाही, असं गियोमार सांगे. गाव दोघींच्याही म्हणण्याला मान डोलवी. दोघींच्या घराच्या भिंतीला लागून पाण्याचा हौद होता, आणि ज्यांच्या परसात स्वतःची विहीर होती त्या बायकाही घडे घेऊन तिथंच यायच्या. पाण्यासाठीच यायच्या, असं म्हणायची पद्धत होती.

गावात पुरुष उरलेच नव्हते म्हणा ना. हिंदुस्थानची वाट सापडून चाळीस वर्षं होत आली होती. कुणी मिरीच्या लोभानं त्या वाटेला लागला होता, कुणी सावकार चुकवायला, कुणी बायकोच्या तोंडासमोरून पळायला. तिकडच्या किनाऱ्यांवर उतरून आपली माणसं काय काय करून येतात, कुणाची घरं पेटवतात, कुणाला बांधून आणतात, याची चौकशी कुणी करत नसे. दालचिनी आणलीस का, एवढं मात्र दारातच विचारत. मागं राहिलेल्या बायका जवसाच्या काड्या नदीत भिजत घालत, कुटत, सूत काढत, मागावर शिडाचं कापड विणत आणि पट्टीला पट्टी जोडून शिडं शिवत. ज्या शिडानं नवरा लांब जायचा ते शीड बायकोनंच शिवायचं, अशी सगळी सोय होती.

गियोमार शिडं शिवायची. रुंद खांद्यांची, मोठ्या आवाजाची, डावखुरी. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा एकवीस वर्षांची होती. नवरा बाल्तझार आठ महिने घरात राहिला आणि मग जहाजावर चढला. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. त्या नऊ वर्षांत घरात दोघीच होत्या. सासू माग चालवायची, सून टाके घालायची, आणि तोंडं दोघींचीही चालायची.

"डाव्या हातानं टाका घालतेस. सैतानसुद्धा आपली कापडं तुझ्याकडूनच शिवून घेत असेल," मेसिया म्हणे.

"घेतोच की, सासूबाई. दर सणाला माप पाठवतो. तुमच्याच मापाचं असतं."

बाल्तझारचं जहाज हिंदुस्थानात पोचलं, एवढं कळलं होतं. परतीच्या वाटेवर ते माणसांसकट, मिरीसकट आणि कारकुनाच्या वहीसकट बुडालं, हेही कळलं होतं. पण बाल्तझार त्या जहाजावर होता की तिकडेच राहिला होता की आधीच कुठं मेला होता, हे सांगणारं कुणी नव्हतं. आणि सांगणारं कुणी नसेल तर बायको सवाष्णच. डोळ्यांनी मढं पाहिलेला एक माणूस साक्षीला उभा राहिल्याशिवाय पाद्रीबाबा दुसरं लग्न लावत नसत. गावात अशा अधांतरी बायका तेवीस होत्या.

बाकीच्या बावीस जणी हळूहळू निवल्या. गियोमार निवली नाही, कारण तिला लोपो भेटला होता.

लोपो दोर वळायचा. दोर वळणारा माणूस कमरेला सुंभ गुंडाळून सकाळपासून संध्याकाळपर्यंत मागं मागं चालत असतो. मेसियाला एवढं पुरे होतं. "ज्याला आयुष्यात पुढं कसं चालायचं ते कळलं नाही, त्याच्याशी पाट लावायचाय हिला!" लोपो दिसायला बेताचा, बोलायला त्याहून बेताचा, पण त्याचा एक गुण गियोमारला सोन्यासारखा वाटे. नदी ओलांडायच्या होडीत बसला तरी त्याला ओकारी यायची. हा माणूस जन्मात समुद्रावर जाणार नव्हता.

तर त्या वर्षीच्या सप्टेंबरात मेसियाच्या बहिणीचा मुलगा त्रिस्तांव परत आला. बाल्तझार आणि तो एकाच जहाजावरून निघाले होते. तो कोचीनला आजारी पडून मागं राहिला, म्हणून बुडाला नाही. नंतर तिथंच कुठल्याशा किल्ल्यावर नोकरी करून आता दुसऱ्या जहाजानं आला होता. गालफडं बसलेली, दात निम्मे गेलेले. मावशीच्या घरात शिरला तेव्हा ती चुलीपुढं कोबीच्या सारात पळी फिरवत होती. तिनं मागं वळून एकच प्रश्न विचारला.

"माझा बाल्तझार?"

त्रिस्तांवनं तिच्या तोंडाकडं पाहिलं, साराकडं पाहिलं.

"आहे की, मावशी. मजेत आहे. कोचीनलाच असतो."

मेसियानं त्याला तीन वाडगे सार वाढलं, वर सार्डिन मासे भाजून घातले आणि बाल्तझारच्या खुर्चीवर बसवलं. दुसरा प्रश्न तिनं त्या दिवशीही विचारला नाही आणि नंतरही नाही. विचारायची गरजच नव्हती. उत्तरं ती स्वतःच तयार करू लागली. पहिल्या आठवड्यात बाल्तझारला कोचीनमध्ये घर मिळालं. दुसऱ्या आठवड्यात मिरीची बाग. मग डोक्यावर छत्री धरणारा नोकर, मग आणखी पाच नोकर आणि शेवटी एक हत्ती.

"हत्ती?" गियोमार म्हणाली. "बैलगाडीत बसला की डोकं धरून बसायचा तुमचा मुलगा."

"तुझ्या शेजारी बसायचा म्हणून."

तरीही गियोमार पाद्रीबाबांकडे गेलीच. नियम असा होता की पाद्रीनं तीन रविवार लागोपाठ प्रार्थनेनंतर गावाला विचारायचं: अमक्याला मेलेलं किंवा जिवंत पाहिलेलं कुणी आहे का? तिसऱ्या रविवारी जे ठरेल ते वहीत चढायचं आणि मग नवा साक्षीदार उगवेपर्यंत हलायचं नाही. नवा साक्षीदार आता समुद्राच्या तळातूनच यायला हवा होता.

पहिल्या रविवारी त्रिस्तांव उठला आणि म्हणाला, "जिवंत पाहिला." मेसियानं सुनेकडं असं पाहिलं की पुढच्या रांगेतल्या बायकांनीही ते पाठीवर झेललं.

सोमवारी मेसियानं कपड्यांचं गाठोडं सुनेच्या पुढ्यात टाकलं. "त्रिस्तांवचे आहेत. धुऊन आण. उपकार म्हणून नाही, घरातलं काम म्हणून."

नदीवर गियोमारनं गाठोडं सोडलं. कोचीनचा सगळा घाम त्यात भरून आला होता. तळाशी शिडाच्या कापडाची एक जाड बंडी होती, आतून लोकर लावलेली. ती दगडावर आपटणार तोच तिचा अंगठा शिवणीवरून गेला आणि थांबला.

विला दो कोंदमध्ये शिडं शिवणारी प्रत्येक बाई शिवण संपवताना आपली स्वतःची गाठ मारते. वाऱ्यात शीड उसवलं तर कुणाला शिव्या घालायच्या, ते गोदीत कळावं म्हणून. गियोमारची गाठ तीन वेढ्यांची, आणि डावखुरी असल्यामुळे उलट्या बाजूला वळलेली. गावात तशी गाठ दुसऱ्या कुणाची नव्हती. ही बंडी तिनं नऊ वर्षांपूर्वी, बाल्तझार निघायच्या आदल्या आठवड्यात शिवली होती.

ती पाण्यात पाय सोडून बराच वेळ बसली. जहाजावर एखादा मेला की त्याच दिवशी डोलकाठीच्या खाली त्याच्या कपड्यांचा लिलाव होतो, हे गावातल्या शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. जिवंत माणसाचं काही तिथं विकलं जात नाही. बंडी डोलकाठीखाली घेतलेली असेल तर बाल्तझार मेला होता. मग तिनं ती नीट धुतली, उसवलेली कड टाचली, वाळवली आणि घडी घालून त्रिस्तांवपुढं ठेवली.

"भावजी, ही बंडी कुठली हो?"

त्रिस्तांव दाराच्या पायरीवर चेस्टनट सोलत बसला होता. कपड्यांवर असली गाठ असते, ती बायका वाचतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. पण वहिनीचा गोड आवाज ऐकून तो सावध झाला.

"ही? बाल्तझारनंच दिली. मी निघालो तेव्हा. म्हणाला, घेऊन जा, आठवण म्हणून."

"आठवण म्हणून. आणि मला काय पाठवलं?"

"तुला... तुला नमस्कार सांगितलाय."

"कुठं ठेवू तो? पेटीत मावेल का?"

दुसऱ्या रविवारी पाद्रीबाबांनी विचारलं, त्रिस्तांव पुन्हा उठला, पुन्हा "जिवंत" म्हणाला. प्रार्थना संपल्यावर गियोमारनं पाद्रीबाबांना एका बाजूला गाठून गाठीची गोष्ट सांगितली. म्हातारा पाद्री वाईट नव्हता, पण त्याला वरच्या लोकांची भीती फार.

"बंडी साक्ष देत नाही, बाई. माणूस लागतो. तो म्हणतो दिली, तू म्हणतेस विकली. मी काय लिहू? गाठ जिवंत की मेलेली?"

दोरांच्या मैदानात लोपो मागं मागं येत होता. गियोमार त्याच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली आणि तो येऊन तिच्यावर आदळला.

"हाणू का त्याला?" सगळं ऐकून लोपो म्हणाला. त्याच्या मानानं हे भाषणच होतं.

"हाणलंस तर आणखी खोटं बोलेल. मार खायची सवय आहे त्यांना." गियोमार मैदानाच्या टोकाकडं बघत म्हणाली, "खलाशाला खुनी म्हण, हसेल. बायकांचा नादी म्हण, मिशी पिळेल. पण सोबत्याच्या पेटीत हात घालणारा म्हण! जहाजावर पाणी संपलं तरी ते एकमेकांना सांभाळून घेतील, पेटीतल्या चोराला नाही सांभाळणार. त्याच्या तोंडून मी नाही काढणार, लोपो. तोच बोंबलून सांगेल."

"आणि खरंच चोरली असेल तर?"

गियोमारनं याचा विचार केला नव्हता. "तर मग तू दुसरी बघ," ती म्हणाली आणि निघून गेली.

तिसऱ्या रविवारी गार वारा सुटला होता. त्रिस्तांव ती बंडी घालूनच आला. एवढी छान टाचून दिल्यावर कोण घालणार नाही? मेसिया त्याच्या शेजारी, जणू त्यालाच जन्म दिल्यासारखी ताठ. मागच्या बाकावर गावात उरलेले तीन म्हातारे खलाशी होते, त्यातला एक लाकडी पायाचा, दुआर्त नावाचा. जहाजावरची नीतिअनीती गावात तोच ठरवायचा.

पाद्रीबाबांनी तिसऱ्यांदा विचारलं. त्रिस्तांव उठला. त्याचं तोंड उघडायच्या आत गियोमार उठली.

"भावजींना बंडी शोभते, नाही का हो बायांनो? चोरीची असली तरी."

"खाली बस, सटवे!" मेसिया ओरडली. "देवाचं घर आहे हे."

"म्हणूनच विचारते. माझ्या हातची बंडी आहे ती, गाठ बघा, ज्यांना बघायची त्यांनी. माझ्या नवऱ्यानं दिली म्हणे. ज्या माणसानं आठ महिन्यांत मला एक हातरुमाल दिला नाही, त्यानं अंगातली बंडी काढून मावसभावाला दिली?"

बायका हसल्या. बायका हसल्या की त्रिस्तांवचे कान लाल होत. लहानपणापासूनच तसं होतं.

"दिली म्हणजे दिली, वहिनी."

"तो झोपला असेल तेव्हा दिली. पेटी उघडी असेल तेव्हा दिली. सहा महिने एका फळीवर झोपलात, एका भांड्यात जेवलात, आणि तो पाठ फिरवून झोपला की हात पेटीत. म्हणूनच कोचीनला मागं राहिलात, होय ना? आजारी होता म्हणे! जहाजावरच्यांनी हाकललं असेल. पेटीतला उंदीर कोण परत घेऊन येणार?"

"वहिनी, तोंड सांभाळ."

"मी कशाला सांभाळू? तुमच्यासारखं दुसऱ्याचं घालून नाही फिरत मी."

आता कुणी हसत नव्हतं. मागच्या बाकावर खरखर झाली. म्हाताऱ्या दुआर्तनं आपला लाकडी पाय उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला आणि त्रिस्तांवच्या पाठीमागून बाजूला सरकून बसला. शेजारचे दोघेही सरकले. एवढंच झालं, पण त्रिस्तांवनं ते पाहिलं.

"अरे, चोर कुणाला म्हणता?" तो बाकावरच चढला. "दुआर्तकाका, तुम्ही सुद्धा? या बाईचं ऐकून? डोलकाठीखाली घेतलीय ही! सगळ्यांसमोर, कप्तान उभा असताना! माझ्या बोलीवर चौघांनी बोली चढवली, तरी मी सोडली नाही, परक्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून! चोर म्हणता?"

तो धापा टाकत उभा राहिला. आपण काय बोललो हे त्याला सगळ्यात शेवटी कळलं. तोपर्यंत गावातल्या प्रत्येक बाईनं मेसियाकडं बघायचं टाळलं होतं.

"कधी?" पाद्रीबाबांनी हळूच विचारलं.

त्रिस्तांव बाकावरून खाली उतरला. "जाताना. अर्ध्या वाटेवर, सोफाला बंदराच्या अलीकडं. हिरड्या सुजल्या, पाय काळे पडले. रोज कुणी ना कुणी जातच होतं."

"तू पाहिलंस?"

"पाण्यात सोडताना मीच एका बाजूनं धरलं होतं, पाद्रीबाबा. दुसऱ्या बाजूनं कुणी होतं, तोही गेला नंतर."

पाद्रीबाबांची लेखणी करकरली. मेसिया अजून ताठच होती.

"खोटं बोलतोय मेला," ती म्हणाली. "हिनं भुलवलं त्याला." मग थोड्या वेळानं, अगदी दुसऱ्याच आवाजात, "प्रार्थना म्हटली का रे?"

"पहिल्या पहिल्यांदा म्हणायचो, मावशी. नंतर दिवसाला चार चार जायला लागले..."

"आणि तू माझ्या घरात इतके आठवडे जेवलास. त्याच्या खुर्चीत."

"पहिल्या दिवशी तुझं तोंड बघितलं, आणि..."

"माझं तोंड बघितलंस!"

तिनं पायातला लाकडी जोडा काढला आणि त्याला मारायला सुरुवात केली. डोक्यात, खांद्यावर, जिथं लागेल तिथं. त्यानं हात वर केले नाहीत. कुणी आवरायला गेलं नाही, दुआर्तही नाही. मग ती थांबली, जोडा पुन्हा पायात घातला आणि सुनेकडं वळली.

"नवरा मेलेला हवा होता ना तुला? घे. मिळाला."

गियोमारनं या क्षणासाठी नऊ वर्षं वाट पाहिली होती. उत्तरं तयार होती. एकेक घासून धार लावून ठेवलेलं. पण त्याआधी तिनं बाल्तझारचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, तर त्याची फक्त शिंक आठवली. सकाळी उठल्यावर तो ओळीनं सहा वेळा शिंकायचा आणि ती चिडायची.

"आता लग्न कधी लावता?" तिनं पाद्रीबाबांना विचारलं. इतका मोठा आवाज करायची गरज नव्हती, पण बारीक आवाज तिच्याकडं नव्हताच.

पाद्रीबाबांनी लेखणी खाली ठेवली. "वर्ष आणि एक दिवस काळं नेसायचं, बाई. नवऱ्याच्या घरात राहून. मग ये."

"अहो, नऊ वर्षं झाली त्याला जाऊन!"

"ती सवाष्ण म्हणून गेली. विधवा तू आजपासून."

दाराशी उभा असलेला लोपो हे ऐकून दोन पावलं मागं गेला. सवयीनं असेल.

गियोमारनं पुढं लोपोशी लग्न केलंच. वर्ष आणि एक दिवस झाल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी, लाल कपडे घालून. तिला तीन मुलं झाली आणि तिघांनाही तिनं दोराच्या मैदानात जुंपलं. नदीकाठच्या गोदीकडं वळलं की कान उपटायची. पन्नाशीत तिचा डावा हात आखडला, तेव्हा उजव्या हातानं शिवायला शिकली आणि कशी वाईट शिवते म्हणून स्वतःलाच शिव्या घालू लागली. त्रिस्तांव पुढच्याच वसंतात पुन्हा जहाजावर गेला. गावात कुणी त्याला चोर म्हणत नव्हतं, पण सार वाढणारंही कुणी नव्हतं. मेसिया मेली तेव्हा शेवटचे चार महिने तिला भरवायला गियोमारच जात होती, आणि ते चार महिने हौदावरच्या बायका पुन्हा जमायला लागल्या होत्या, एवढं सांगितलं तरी पुरे.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारनंतरच्या सोमवारी घरात काळं कापड नव्हतं आणि दोघींनाही हवं होतं. मेसियानं अंगणात चूल मांडून तांब्याचा हंडा चढवला. माजूफळं कुटून टाकली, गंजके खिळे टाकले. पाणी शाईसारखं झालं. पहिल्या बुडीचा रंग खरा. दुसऱ्या बुडीला कापड करडंच निघतं, हे दोघींनाही पक्कं माहीत.

गियोमार आपला झगा घेऊन आली, तर सासू हंड्यापुढं आडवी.

"आधी माझा. आई मी आहे."

"आधी माझा. विधवा मी आहे. वहीत लिहिलंय, जाऊन वाचा."

"तुला वर्षानं लाल घालायचंय," मेसिया म्हणाली. "तुला करडं चालेल."

गियोमार गप्प झाली. मेसियानं ते पाहिलं आणि तिलाही ते आवडलं नाही, असं वाटलं, कारण ती लगेच पुढं म्हणाली, "काय झालं? जीभ बुडवलीस काय हंड्यात?"

तेव्हा गियोमारनं आपला झगा हंड्यात फेकला. मेसियानं त्याच क्षणी आपला फेकला. दोघींनी दोन काठ्या उचलल्या, आणि प्रत्येकीला दुसरीचा झगा वर आणून आपला तळाशी दाबायचा होता. उकळतं पाणी उडालं, दोघींच्याही हातांवर काळे डाग पडले. ढवळणं दुपारपर्यंत चाललं. शेवटी कुणाचा खाली होता आणि कुणाचा वर, हे दोघींनाही कळेना.

वाळत घातले तेव्हा दोन्ही झगे सारखेच काळे होते.

"माझा जास्त काळा आहे," मेसिया म्हणाली.

"डोळे तपासून घ्या," गियोमार म्हणाली आणि सासूच्या झग्याची वाऱ्यानं उलटलेली बाही सरळ केली.